बटन मी दाबायचो, हात ती जोडायची

माझ्या अंगात कधी देव आला न्हाई, अन् दुसऱ्याच्या अंगात आलेला मी कधी मानला न्हाई. हे पयलेच सांगून ठिवतो. इथं ग्रुपवर लोकं लिहितात, चिंचेखाली बाई दिसली, फटफटीवर मागं कोणीतरी येऊन बसलं... मी ते सुनेकडून वाचून घेतो अन् हसतो. चिंचेखाली मी जन्मभर झोपलो, मला मुंगळे सोडून कोणी भेटलं न्हाई. शाळा चौथीपर्यंत, ती बी अर्धी. हे वहीत मीच लिहिलं, सुनेनं मोबाईलवर उतरवलं. ती म्हणे, मामंजी, भाषा जरा सुधारते. मी म्हणलं, हात लावू नको.

आमचं गाव साखऱ्याजवळ, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. मी, माझी बायको गयाबाई, पोरगा अन् सून, आमी शेतातच राहतो. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला हळद ठिवायची खोली. पडवीतून डांबरी रस्ता दिसतो अन् त्याच्या कडंनं लाईटचे खांब.

गयाला काही वर्षांमागं धुरकट दिसायला लागलं. माझ्या आईचा मोतीबिंदू काढला होता तवा लोकं म्हणायचे, पिकल्याबगर काढू नये. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पोरगा म्हणायचा, दादा, हिंगोलीला दाखवून आणू. मी म्हणायचो, पिकू दे, कच्चा काढला तर डोळा जाईल. हळद निघाली, सोयाबीन निघालं, पुन्हा हळद निघाली. ती चुलीपाशी चाचपडायला लागली तवा बी मी म्हणलं, आता पिकत आला. शेवटी नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं बराच वेळ बघितलं अन् मग सांगितलं की हा मोतीबिंदू न्हाईच, हा काचबिंदू. हा पिकत न्हाई. डोळ्यामागची शीर वाळवत जातो, अन् वाळलेली शीर पुन्हा ओली होत न्हाई. "बाबा, दोन वर्षं आधी..." एवढं म्हणून ती चिठ्ठी लिहायला लागली.

चूक माझी होती, हे मी आजवर घरात कोणापुढं बोललो न्हाई. इथं लिहितो.

आता बॅटरीचं. टॉर्चला आमी बॅटरीच म्हणतो. ज्वारीत रानडुकरं येऊन राहिले होते, म्हणून मी नरसीला सलीमच्या दुकानावर गेलो. रस्त्याकडंचं दुकान आहे, रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करतो. त्यानं एक भलीमोठी बॅटरी काढली. तोंड तांब्याच्या बुडाएवढं, वर धरायला मूठ, वजन दोन किलोच्या मापाएवढं. म्हणे, काका, पाच किलोमीटर उजेड मारती.

"तू मोजला का?"

"डब्यावर लिहेल है ना काका."

"डब्यावर तू माझ्या बापाचं नाव बी लिहिशील."

मी कोणतीच वस्तू डब्यावरून घेत न्हाई. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, बसवून उठवतो. सलीमला बादली आणायला लावली अन् बॅटरी पाण्यात बुडवली. गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली सोडली. त्यानं डोळे मिटून घेतले बिचाऱ्यानं. बटन रबराचं होतं, दाबलं तर आवाज न्हाई. म्हणलं, घेऊन जातो, घरी पारखतो, खोटी निघाली तर परत आणून आपटीन.

पण खरं सांगायचं तर डुकरं हे निमित्त होतं. माझ्या मनात एकच येत होतं... एवढा मोठा उजेड हाय, एखादी बारीकशी शीर जिती राहिली असंल तर तिथवर पोचंल.

त्या दिवशी दिवेलागणीला मी खळ्यात उभा राहिलो, पडवीपासून तीस-चाळीस पावलांवर. म्हणलं, आधी पल्ला मोजू. बॅटरी रस्त्याकडं धरली अन् खांब मोजायला लागलो. अकराव्या खांबाची पाटी चमकली, बाराव्याची न्हाई. म्हणजे पाच किलोमीटर खोटं. अर्ध्या किलोमीटरच्या जरा पुढं, बस. तरी उजेड असा की मधल्या बांधावरचं गवत दुपारसारखं मोजता यावं. मनात म्हणलं, डबा खोटा हाय पण वस्तू खरी हाय.

अन् सहज मागं वळून बघितलं. गया बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तोंड भिंतीकडं, पाठ माझ्याकडं. तिनं शेंगा बाजूला ठिवल्या, डोक्यावर पदर घेतला अन् हात जोडले.

आमच्यात दिवेलागणीला घरात उजेड केला की बसलेलं माणूस हात जोडतं. डोळे गेल्यापासून सून तिला सांगायची, आत्याबाई, लाईट लावली, मग ती जोडायची. पण सून तर गोठ्यात धार काढत होती. पडवीत बल्ब लागला न्हवता.

मी बॅटरी बंद केली. तिनं हात सोडले, शेंगा उचलल्या.

पुन्हा लावली. पुन्हा हात जोडले.

ह्या वयात मी पळत गेलो. म्हणलं, दिसलं का तुला? ती म्हणे, काय दिसायचं? मी म्हणलं, मग हात काहून जोडले? तर म्हणे, दिवा लावला ना कोणीतरी. दिसला का? न्हाई. ऐकू आला का? न्हाई. मग? तर म्हणे, कळलं.

त्या दिवशी मी जेवलो न्हाई. पोराला म्हणलं, तुझ्या आईला उजेड कळून राहिला. तो म्हणे, दादा, अंदाज असंल. अंदाज? मी बैल पारखतो तशी पुढचे आठ दिवस बॅटरी पारखली, अन् बॅटरीबराबर तिला बी. तिला न सांगता. पाठीमागून दाबली. वढ्याच्या पल्याडून दाबली. ती न्हाणीत असताना दाबली, तर सून आतून बाहेर येऊन म्हणे, आत्याबाईंनी तांब्या टाकून हात काहून जोडले? पोराच्या मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर मारला, काही न्हाई. बल्बला काही न्हाई. उन्हात बसली तरी काही न्हाई. फक्त ही बॅटरी.

मग एके दिवशी भरदुपारी मी हळदीच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं, बॅटरीचं तोंड पोटाला दाबून धरलं अन् वरून घोंगडी घेतली. बाहेर पोरगा तिच्याजवळ बसला होता. मी आतून चार बारी दाबली, मधी कमी-जास्त थांबून. बाहेर आलो तर पोराचं तोंड पांढरं. म्हणे, चार बारी.

म्हणजे ते डोळ्यातून जात न्हवतं. मला तिथंच थांबायला पायजे होतं. पण मी कधी थांबलो हाय? मी म्हणलं, काही का असंना, आत काहीतरी जितं हाय.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नांदेडला. त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी आपल्या यंत्रानं बघितलं, बारीक उजेड मारला, मान हलवली. मी म्हणलं, बाई, तुमचा उजेड बारीक हाय, अन् पिशवीतून बॅटरी काढली. तिथल्या नर्सा हसल्या. डॉक्टरीणबाई चांगली पोरगी, म्हणली, करा बाबा, तुमच्या मनासारखं करा. मी गयाच्या मागं उभा राहून बटन दाबलं.

तिचे हात मांडीवर. हलले न्हाईत.

पुन्हा दाबलं. बाजूनं दाबलं. समोर जाऊन तिच्या डोळ्यात मारलं. दगडासारखी बसून राहिली. नर्सा आता हसत न्हवत्या, ते जास्त वाईट होतं. डॉक्टरीणबाईनं माझ्या हातावर हात ठिवला अन् म्हणली, बाबा, मनाला लागलं की माणसाला असं होतं. मी आयुष्यात कोणाचं असं ऐकून घेतलं न्हाई. त्या दिवशी घेतलं.

 येताना यष्टी नरसीला आली तशी गयाला सीटवरच बसू दिलं अन् मी खाली उतरलो. गाडी तिथं जरा थांबते. सलीमच्या दुकानात जाऊन बॅटरी टेबलावर आपटली. म्हणलं, खोटी हाय, ठिवून घे, इकून टाक. तो काही विचारायला लागला, मी ऐकलंच न्हाई.

घरी आलो. दिवेलागण झाली. सून म्हणली, आत्याबाई, लाईट लावली, अन् गयानं हात जोडले, नेहमीसारखे. मग चहा घेतला. कप हातात असतानाच तिनं तो खाली ठिवला, पदर सावरला अन् पुन्हा हात जोडले. थोड्या वेळानं सोडले. पुन्हा जोडले.

माझ्या हातात काही न्हवतं. मी सलीमला फोन लावला. म्हणलं, आता काय करून राहिला? तो म्हणे, "गिऱ्हाईक है काका, तुमचीच बॅटरी दाखवून राहिलो, चालू-बंद, चालू-बंद... काहून?"

मी फोन ठिवला. नरसी आमच्या आखाड्यापासून यष्टीनं तासाभराच्या वाटंवर हाय.

मी बाजेवर तिच्याजवळ बसलो. म्हणलं, गया, दवाखान्यात तुला कळलं न्हवतं का?

"कळलं होतं."

"मग हात काहून जोडले न्हाई?"

ती म्हणली, "जोडले असते तर तुमी मला गावोगावच्या दवाखान्यात घेऊन हिंडले असते. अवो, मला दिसत न्हाई. दिसणार बी न्हाई. ते तुमाला सोडून सगळ्यायला ठाऊक हाय."

 मग म्हणली, "पण तुमी कुठं हाव ते कळत होतं. वढ्यावर गेले, खळ्यात गेले, हळदीच्या खोलीत लपले... मला बसल्या जागी कळायचं. तेवढं बास होतं मला. इकली काहून? इचारायचं तर होतं."

पयले बी मी इचारलं न्हवतं. डोळे तिचे अन् पिकू दे म्हणणारा मी.

सकाळच्या पयल्या गाडीनं नरसीला गेलो. सलीम म्हणे, काका, ती तर कालच गेली, एक ट्रकवाला घेऊन गेला. नाव? ठाऊक न्हाई. गाडी कुठली? हळद भरून चालली होती, एवढंच. सलीमनं माझ्यासाठी मार्केटात फोन लावले, धाब्यावर जाऊन इचारलं. तो माझं काय देणं लागत होता? पण दोन महिने इचारत राहिला. पत्ता लागला न्हाई. तशीच दुसरी नवी बॅटरी आणून दिली त्यानं, त्याच डब्यातली. मी खळ्यातून दाबली, वढ्यावरून दाबली. गया शेंगा सोलत राहिली.

अन् ती जुनी कुठंतरी लागतच असते. कधी भाकरी मोडताना, कधी सून तिची वेणी घालताना, तिचे हात जोडले जातात. दिवस पाहत न्हाई, वेळ पाहत न्हाई. एखादा आठवडा काहीच न्हाई, मग एका दिवशी दहा बारी. मी इचारतो, कुठं हाय ग तो ट्रकवाला? ती म्हणते, लांब. तुमी होते तसं न्हाई कळत, नुसतं लांब. पोरगा म्हणतो, दादा, आईला हात जोडूच नको म्हणा. म्हणून बघितलं. ती म्हणते, उजेड लावल्यावर हात न जोडता कसं बसू? दवाखान्यात एकदा बसले, ते अजून अंगावर येतं.

मागच्या पंधरवड्यात संध्याकाळी तिनं हात जोडले अन् सोडलेच न्हाईत. पाव तास झाला, अर्धा तास झाला. म्हणलं, सोड. म्हणे, अजून लागलेला हाय. सून तिच्या तोंडाशी पाणी धरून पाजायला लागली. पोरगा म्हणला, गाडी पंक्चर झाली असंल कुठं, चाक बदलत असंल. असंल. कोणत्या रस्त्याला, कोणत्या राज्यात... अन् इथं हिचे दंड थरथरायला लागले. सत्तरीची बाई, किती वेळ हात वर धरंल?

मी खूप लोकांना इचारलं. डॉक्टरीणबाईला पुन्हा इचारायची मला लाज वाटते. बुवाकडं मी जात न्हाई, गेलो न्हाई, जाणार न्हाई. सलीम म्हणतो, काका, अपने समझ की बात नै. मला बी समजत न्हाई, अन् समजल्याचं सोंग मला येत न्हाई. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा.

त्या संध्याकाळी मी काय केलं तेवढं लिहून थांबतो. बाजेसमोर खाली जमिनीवर बसलो, माझे दोन्ही तळहात तिच्या कोपरांखाली लावले अन् तिचं वजन घेतलं. ती म्हणली, तुमचे हात दुखतील. म्हणलं, दुखू दे. मग आमी दोघं तसेच बसून राहिलो, त्या माणसाचं चाक बसंपर्यंत.