चालीखालची ओळ

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात इंग्रजी बोलायची भीती वाटायची, म्हणून कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, नाव दिलं. तिथे निदान काय म्हणायचं ते छापलेलं असतं.

कॉलेज मिशनचं. नाताळच्या कार्यक्रमाला एक जुनं ख्रिस्ती भक्तिगीत ठरलं. पुस्तकात शब्द लिहिणाऱ्याचं नाव डाव्या कोपऱ्यात होतं, चाल बांधणाऱ्याचं उजव्या. हा एकोणिसाव्या शतकातला कुणी अमेरिकन. कॉयरच्या मॅडम म्हणाल्या, "गाणं न शिकलेल्यांनाही गाता यावं म्हणून तो चाली बांधायचा. एकाच वेळी गायचे चारही आवाज, प्रत्येकाची वेगळी ओळ, स्वतः लिहायचा."

मला चाल मिळाली नाही. तिच्या खालचा आवाज मिळाला, आल्टो. वरती चाल चढते, उतरते. आल्टो बहुतेक दोन-तीन सुरांवरच उभा.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी रोज तेवढंच घोकायची. बाबा सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. गल्लीतल्या गणपतीला आरतीची चाल तेच धरतात. एकदा जेवताना म्हणाले, "बेटा, ही कसली चाल? चढत नाही, उतरत नाही. लिफ्ट अडकल्यासारखी!"

आई म्हणाली, "अहो, नीट येत नसेल तिला अजून."

"मग स्टेजवर कायकू जाते? हसं करून घ्यायला?"

एकटीचा आल्टो ऐकवून त्यांना काय पटवणार? कॉलेजात मी काहीतरी नीट करते आहे, हे बाबांनी एकदा येऊन ऐकावं, एवढंच मला हवं होतं. विचारलं तर म्हणाले, "बघतो."

ते आले. दुकानातून तसेच, आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले. मी सगळा वेळ मॅडमच्या हाताकडेच बघत होते. चारही आवाज लागले तेव्हा मात्र उजव्या कोपऱ्यातला तो माणूस आठवला. ज्यांना चाल मिळणार नाही त्यांच्यासाठीही त्याने बसून ओळ लिहिली होती. त्याचे आभार कसे मानायचे, मला अजून कळत नाही.

परतताना बसमध्ये बाबा सगळा वेळ खिडकीबाहेरच बघत बसले. मला वाटलं, नाहीच आवडलं.

सकाळी दाढी करता करता ते गुणगुणत होते. चाल नव्हे, माझी ओळ. इतके दिवस घरात तीच तर ऐकली होती! मी दारात उभी राहून, जरा भीत भीतच, वरची चाल धरली.

बाबा थांबले. गालावर फेस तसाच.

"परत पहिल्यापासून घे," ते म्हणाले. "तू वर जा. खालचं मी सांभाळतो."