हळू आवाजातला डग्गा

माझी मैत्रीण शालन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कुरुंदवाडला लेकीकडं होते. एस.टी.नं राजारामपुरीत तिच्या घरी पोचेपर्यंत तिला नेलंही होतं. शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही बाईनं... राग आला, तो अजून गेलेला नाही.

शालन हुपरीची. घरोघरी चालणाऱ्या चांदीकामाच्या ठोकाठोकीत वाढलेली, त्यामुळं तिनं साधं "चहा घेणार का?" विचारलं तरी शेजारी दचकायचे. नवराही तसाच मिळाला. आमचे दाजी रेडिओ असा लावायचे, की अख्ख्या गल्लीनं घरबसल्या ऐकावा. अशा माणसाला ऐन पन्नाशीत अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, आणि मोठा आवाज झाला की डोकं धरून ते लहान मुलासारखे रडायला लागले. शालनच्या मोठ्या बोलण्याचा मात्र त्यांना त्रास व्हायचा नाही, ते कोडं डॉक्टरांनाही सुटलं नाही. रेडिओ बंद झाला. दाजी धड खाईनात, बोलेनात, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. शालन मला म्हणाली, "सुमन, हा माणूस असाच संपणार बघ. घरात गाणं आणायलाच पाहिजे."

रेडिओ बारीक लावून पाहिला. दाजी जरा वेळ ऐकून म्हणाले, "डग्गा कुठं गेला?" खरंच होतं ते. आवाज कमी केला की तबल्याचा घुमारा आधी मरतो, गाणारीचा आवाज तेवढा किणकिणत राहतो. दाजींनी पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवलं. मग मात्र ही बया पेटली.

गावातली स्पीकरची दुकानं तिनं पालथी घातली, सोबत मी. दुकानदार रेकॉर्ड लावायचा आणि हौसेनं बटण पिळायचा. कपाटाच्या काचा थरथरायच्या. शालन उठून स्वतः आवाज खाली आणायची. एका दुकानात तर ती सूप आणि तांदूळ घेऊनच गेली आणि खुर्चीवर बसून निवडायला लागली.

"वैनी, हे काय?" दुकानदारानं सुपाकडं बघत विचारलं.

"घरात मी काय हात जोडून गाणं ऐकत बसणार हाय व्हय? निवडता निवडता डग्गा ऐकू आला पाहिजे."

छोटे, चकचकीत स्पीकर एकेक करून बाद झाले. शेवटी कोपऱ्यातली दोन भली मोठी खोकी तिनं लावायला सांगितली. सुपात तांदूळ सळसळत होते, आणि त्याखालून डग्गा आला... गोल, भरलेला. तिचा हात थांबला.

"एवढं हळू ऐकायचं, तर एवढी धुडं कशाला?" मी विचारलं.

"हळू ऐकायचंय म्हणूनच की!"

घरी नवा रेकॉर्डप्लेअर आणून त्याला ती जोडली तेव्हा दाजींनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. उजव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरू लागली. शालन आत जाऊन तोंडात पदर धरून रडली. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या घरात रोज बारीक गाणं असायचं. ते चालू असेपर्यंत शालन गप्प. संपलं की पुन्हा तिचा हुपरीचा आवाज.

गेल्या आठवड्यात मी दाजींसाठी रेकॉर्ड लावली, नेहमीसारखी बारीक. जरा वेळ ऐकून ते म्हणाले, "मोठा कर."

"डोकं दुखंल, दाजी."

"दुखू दे की. घर लई गप झालंय."

मी आवाज वाढवला.