पानताईंनी वाचलेले पुस्तक

दृष्टिहीनांच्या ग्रंथालयातील ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे मुळात जिन्याखालची अडगळ. भिंतींवर जुन्या रजया ठोकलेल्या होत्या. पंख्याची घरघर मुद्रणात उतरते, म्हणून वाचन चालू असताना तो बंद ठेवावा लागे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई दुपारी या खोलीत बसून पुस्तके वाचीत. बांगड्या उतरवून रुमालात गुंडाळायच्या, पोट गुरगुरू नये म्हणून आधी दोन घास खाऊन घ्यायचे आणि पान उलटताना श्वास रोखायचा, हे त्यांचे नियम होते. प्रत्येक पानाच्या आरंभी त्या पानाचा क्रमांक उच्चारीत. म्हणून सभासद त्यांना पानताई म्हणत.

छापील अक्षर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाची ध्वनिप्रत करायला कायद्याने लेखकाची परवानगी लागत नसे. अट एकच होती: ती प्रत त्याच वाचकांपाशी राहिली पाहिजे. पानताई तरीही लेखकाकडे जात. "कुणाच्या घरात शिरायचं तर निदान दार वाजवावं," असे त्यांचे म्हणणे. मुद्रणाच्या आरंभी त्या पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ही प्रत केवळ दृष्टिहीन सभासदांसाठी असल्याची सूचना वाचीत. ग्रंथपालांना ते पाल्हाळ वाटे.

असेच एकदा त्यांनी काटेवाल्यांचे दार वाजवले. हे गृहस्थ आयुष्यभर एका गोदामाच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. नाव त्यावरूनच पडले. काट्यावर येणारे हमाल आणि गाड्यांचे चालक यांच्यावर त्यांनी एकच कादंबरी लिहिली होती. ती कित्येक वर्षे बाजारात मिळत नव्हती. आता त्यांची दृष्टीही उतरू लागली होती.

"वाचणार म्हणजे काय करणार?" त्यांनी विचारले. "नाटकातल्यासारखं रडून-ओरडून?"

"नाही हो. टेलिफोनवर नंबर सांगायचे ना, तसं वाचते मी."

"मग झोपतील की लोक!"

"झोपतात. जागे झाले की मागे नेऊन पुन्हा ऐकतात."

काटेवाले हसले. मग गंभीर होऊन त्यांनी अडचण सांगितली. बोलकी पुस्तके विकणारी एक कंपनी त्यांच्याशी बोलणी करीत होती. तो करार झाला तर छापील पुस्तकही नव्याने काढायला एक प्रकाशक तयार होता. "मी मरायच्या आत ते एकदा दुकानात दिसावं, एवढंच आहे माझं. हे तुमचं बाहेर गेलं तर संपलंच."

"सभासदांच्या बाहेर जाणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मुद्रण साफ करण्याचे काम पानताईंची मुलगी करीत असे. ती विमा कार्यालयात नोकरी करी आणि सुटीच्या दिवशी कानांवर हेडफोन चढवून आईचे खोकणे, खुर्चीची करकर, रस्त्यावरचे भोंगे एकेक करून कापून काढी. या श्रमांचा मोबदला नव्हता, तिचे नावही कुठे येत नव्हते; पुढे जे घडले त्याचा विचार करताना हेही नोंदवले पाहिजे. तिचा राग मात्र स्वतःसाठी नव्हता. एवढा आवाज जिन्याखाली कुजतो आहे, असे तिला आईबद्दल वाटे.

आईच्या वाढदिवसाला तिने मोबाइल पुढे केला. "हे बघ, किती लोक ऐकताहेत तुला!"

आईच्या आवाजातली काटेवाल्यांची कादंबरी तिने इंटरनेटवर टाकली होती. खाली अनोळखी माणसांनी लिहिले होते, की या आवाजात आपली आई भेटली, हा आवाज ऐकल्याशिवाय आता दिवस जात नाही. पानताईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. ज्यांच्या नोकरीचे सारे आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडून देऊन आपण मधून बाजूला होण्यात गेले, त्यांच्या आवाजाला प्रथमच कुणी थांबून दाद दिली होती. शब्द त्यांना आठवला नाही असे नाही. उद्या सांगू, उद्या काढायला लावू, असे म्हणत त्यांनी आठवडा जाऊ दिला, आणि रोज संध्याकाळी ती दाद वाचायला मुलीकडे मोबाइल मागितला.

मग काटेवाल्यांचा फोन आला. कंपनीने माघार घेतली होती. जे फुकट फिरते आहे त्यावर खर्च कोण करणार, एवढेच तिथून कळवले होते. प्रकाशकही मागे हटला होता.

फोन ठेवल्यावर पानताईंनी ते मुद्रण पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकले. आरंभीची सूचना नव्हती. पानांचे क्रमांक नव्हते. पडद्यावर पुस्तकाचे नाव होते आणि खाली त्यांचे स्वतःचे. लेखकाचे नाव कुठेही नव्हते.

"सूचना कुठे गेली?"

"कापली. पहिलं मिनिटभर नुसतं रटाळ होतं, आई. कोण थांबणार तोवर?"

"त्या मिनिटात त्यांचं नाव होतं गं."

मुलीने मान वर केली. "होतं का? खोकला कापते तसं कापलं मी. बघितलंच नाही." मग चिडून म्हणाली, "आणि पैसे घेतले का मी कुणाकडून? तुझं चांगलं व्हावं म्हणून केलं ना? तू तरी रोज मागून बघत होतीसच की!"

पानताईंनी ते आधी काढून टाकायला सांगितले. मुलीने रडत रडत ते काढून टाकले. पण तोवर ते इतरांनी उचलले होते. एकाने मागे बासरी घातली होती, दुसऱ्याने वाचणारी म्हणून आपलेच नाव टाकले होते.

दुसऱ्या दिवशी पानताई काटेवाल्यांकडे गेल्या. सारे मुलीवर ढकलता आले असते, आणि ते बरेचसे खरेही ठरले असते.

"मला आठवडाभर आधी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "लोक चांगलं म्हणत होते. मी गप्प बसले."

काटेवाल्यांनी हाताने टेबलाची कड चाचपली. "माझं नाव का काढलं?"

"माझी मुलगी रविवारी मुद्रण साफ करते. पहिला भाग कंटाळवाणा वाटला तिला, तिने कापला."

"म्हणजे मी कंटाळवाण्या भागात होतो." ते हसले नाहीत. "ग्रंथपाल म्हणतात, नोटीस पाठवा. कुणाला पाठवू? तुमच्या पोरीला? ती माझ्याच पुस्तकातून हमालांचं ओझं ऐकत बसली असेल ना, रविवार-रविवार. जाऊ द्या. तुम्ही या आता."

चहा विचारला गेला नाही. दारापर्यंत पोचवायलाही ते उठले नाहीत.

वर्ष सरता सरता त्यांची दृष्टी गेली. पुस्तक पुन्हा निघालेच नाही. एके दिवशी भाच्याचा हात धरून ते ग्रंथालयात आले आणि रीतसर सभासद झाले. पहिले कोणते पुस्तक देऊ, असे ग्रंथपालांनी विचारले.

"माझंच द्या. आता मलाही वाचता येत नाही, म्हणजे माझाही हक्क झाला. पण ताईंनी वाचलेलं नको."

पानताई तेव्हा शेजारच्या टेबलाशी पुस्तकांना पट्ट्या चिकटवीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नव्याने वाचायचे काम बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे आले. कर्जाची थकबाकी कळवावी तसे ते वाचीत. त्यांना खोली दाखवणारे दुसरे कुणी नव्हते. पानताईंनी पंखा बंद केला, घड्याळ मनगटावरून काढायला सांगितले, पान उलटताना श्वास कसा धरायचा ते करून दाखवले.

"ही सुरुवातीची सूचना गाळली तर चालेल का हो?" गृहस्थांनी विचारले. "फार लांबलचक आहे."

"नाही," पानताई म्हणाल्या. "ती वाचायचीच."

त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतले आणि जिन्यावरून कुणी पाय आपटत उतरू नये म्हणून तिथेच स्टुलावर बसल्या. आतून लेखकाचे नाव ऐकू आले. गृहस्थ अडखळले, थांबले आणि ते नाव पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. वरून कुणीतरी येत होते. पानताईंनी ओठांवर बोट ठेवले.