पहिल्या आदणातला दात

लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बयाबाई गिऱ्हाईक 'भाव काय?' म्हणेपर्यंत मेथी पिशवीत कोंबून मोकळ्या होतात. ही घाई आजची नव्हे, जन्माची. तिच्यापायी एकदा अख्खं गुऱ्हाळ थांबलं होतं.

बया तेव्हा सात वर्षांची. पंचगंगेकाठच्या मळ्यात तिच्या वडिलांचं, हंबीररावांचं गुऱ्हाळ त्या दिवशी नुकतंच लागलेलं. परकराला पुढून काकवी, मागून राख, आणि वरचा पुढचा दात एका धाग्यावर लोंबकळत असलेला. दुसरं कुणी असतं तर भाकरीसुद्धा कुस्करून खाल्ली असती. पण गुऱ्हाळावर आलेल्याला कोरड्या तोंडानं पाठवायचं नाही, हा इकडचा कायदा. बया तर मालकाची लेक! पिराजी गुळव्यानं उकळता पाक गार पाण्यात सोडून चिकीचा लवचीक गोळा केला आणि तिच्या हातावर ठेवला.

"दमानं खा, धनीन. पळून न्हाय जात."

दम कुठला? बयानं दात रोवले आणि दोन्ही हातांनी चिकी ओढली. चिकी वीतभर लांबली, हातभर लांबली, आणि सट्टदिशी सुटून शेजारी भरत असलेल्या गुळाच्या बादलीत जाऊन पडली. वरून गड्यानं फावडंभर ऊन गूळ ओतला. बयानं जीभ फिरवली. समोर खिंड!

"आबाऽऽ! माझा दात गुळात गेला!"

थोरला भाऊ आकाराम आनंदानं उडालाच. "संपलं! पडलेला दात कौलावर फेकला न्हाय तर नवा येत न्हाय. जन्मभर बोळकी! ऊस कशानं सोलशील गं? खुरप्यानं?"

ऊस म्हटल्यावर बयानं असा टाहो फोडला की घाण्याचे बैल थबकले.

हंबीररावांनी कपाळावर हात मारला. पहिल्या आदणाचा, म्हणजे पहिल्या कढईचा गूळ विकायचा नसतो, गावात वाटायचा असतो. "आता कुणाच्या वाट्याला पोरीचा दात जायचा? फोडा रवा!"

रवा म्हणजे बादलीतली गुळाची ढेप. ती पुरती आळतेय न आळतेय तोच कुऱ्हाड पडली. गडी, वाटसरू, बांधावरच्या बायका, सगळे खडे घेऊन बसले. कुणी उन्हात धरून बघतोय, कुणी दगडानं ठेचतोय. "माणिक शोधायलाय व्हय?" रस्त्यावरून जाणारा एकजण म्हणाला, आणि तोही बसला.

पिराजीला हा पोरखेळ पटेना. "गुळात काय हाय ते गुळव्याच्या जिभंला कळतंय," म्हणत त्यानं लिंबाएवढा खडा तोंडात टाकला. कडाड्!

"घावला!" पिराजी ओरडला.

बया उड्या मारत धावली. पिराजीनं तळहातावर थुंकलं. हंबीरराव वाकले, आकाराम वाकला.

"पिराजी," हंबीरराव हळूच म्हणाले, "ही दाढ हाय की रं."

पिराजीनं जीभ फिरवली आणि त्याचं तोंड उतरलं. गुऱ्हाळ मात्र असं हसलं की चुलीपुढचा जाळव्या जाळ घालायचा विसरला. हसली नाही ती फक्त बया. रव्याचा भुगा झाला, तरी तिचा दात काही मिळेना.

"रडू नगंस," पिराजी गाल धरून म्हणाला. "ही घे. माझ्या काय कामाची आता? तुझ्या नावानं टाक कौलावर."

"दाढ चालती?"

"चालंल की! दातापरास थोरलीच हाय."

बयानं डोळे पुसले, पळत घर गाठलं, पदर खोचावा तसा परकर खोचला आणि अशी भिरकावली की दाढ घराच्या पार आढ्याजवळ जाऊन पडली. मग रोज उठल्याबरोबर हिरडीवर बोट. आज न्हाय. आजबी न्हाय. होळीच्या सुमाराला बोटाला काहीतरी टोचलं, आणि बया सकाळची चूळसुद्धा न भरता गल्लीभर तोंड उघडून पळत सुटली.

दात आला तो चांगला फावड्यासारखा रुंद. पुढच्या हंगामात पिराजी गुऱ्हाळावर आला, तेव्हा बयानं आधी त्याच्यापुढं "ई" केलं. त्यानं तिची हनुवटी धरून दात इकडून बघितला, तिकडून बघितला.

"माझीच हाय," तो म्हणाला. "जपून वापर, बाय."

तो 'जपून' म्हणेपर्यंत बयाच्या तोंडात ऊस होता.