रिक्षातली कंपनी

"कंपनी कुठली?"

किहीमच्या नाक्यावर रिक्षात पाय ठेवला की रिक्षावाले काका आधी हे विचारायचे. कुठं जायचं ते नंतर. नजर आपल्या हातातल्या मोबाइलवर. तो त्यांच्या कंपनीचा निघाला की स्वारी खूश, आपली पिशवी स्वतः उचलून आत ठेवणार. दुसरा निघाला तर "चालतंय, चालतंय" म्हणणार, पण आपल्या घरी कुणी आजारी असावं अशा सुरात.

मी अलिबागच्या शाळेत शिकवायचे आणि रोज सकाळी त्यांच्याच रिक्षानं जायचे, दुपारी यायचे. माझा फोन परका, त्यामुळे चोंढीपासून थळपर्यंत माझं प्रबोधन चालायचं. 'आपल्या कंपनीचा' फोन पाण्यात पडला, तांदळाच्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खणखणीत वाजला, ही कथा मला पाठ होती. कधी तो होडीतून पडलेला असे, कधी विहिरीत. एकदा मी विचारलंच, नक्की कुठं पडला?

"दोन्हीकडं पडला असंल, बाई. मजबूत हाय ना."

मुंबईचे पाहुणे महागडा फोन काढून माडांचे फोटो घेऊ लागले, की हे रिक्षा थांबवून त्याच माडाचा फोटो घेत आणि त्यांच्या नाकासमोर धरत. पाहुणे बिचारे हसून मान डोलवत.

मग त्यांच्या मुलीला अलिबागला मोबाइलच्या दुकानात नोकरी लागली. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. एकाच छताखाली प्रत्येक कंपनीचा काउंटर, आपापल्या रंगाचे टी-शर्ट घालून उभी असलेली मुलंमुली, आणि गिऱ्हाईक आत आलं की त्याच्यावर तुटून पडणं. हिला उभं केलं ते नेमकं काकांच्या कंपनीच्या समोर, दुसऱ्याच कंपनीच्या काउंटरवर. नाक्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काका तिला रोज सोडायचे, पण टी-शर्टवर ओढणी घ्यायला लावायचे. म्हणे, वारा लागतो.

तिच्या घरातली ही पहिलीच नोकरी. दसऱ्यापर्यंत टार्गेट भरलं तर कायम, नाहीतर घरी.

एका संध्याकाळी काका तिला आणायला गेले. तिच्या काउंटरपाशी एक म्हातारं जोडपं घोटाळत उभं होतं. काकांची जीभ कुठली गप्प बसायला! त्यांनी सवयीनं आपल्या कंपनीची महती सुरू केली, होडीसकट. जोडपं समोर गेलं आणि तिथून फोन घेऊन बाहेर पडलं. मुलगी उघडलेला खोका हातात धरून तशीच उभी राहिली. त्या दिवशी ती बापाच्या रिक्षात बसली नाही, एसटीनं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कंपनी विचारली नाही. थळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई, मी माझ्याच पोरीच्या पोटावर पाय दिला."

मला फार वाईट वाटलं.

मग मात्र त्यांनी कंबर कसली. रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, नवा फोन घ्यायचा तर आधी पोरीचा काउंटर बघा. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, हीच पंचाईत.

"फोन चांगला आहे का पण?" मी मुद्दाम विचारलं.

"फोनचं मला न्हाय माहीत. पोरगी चांगली हाय."

नाक्यावरचे निम्मे लोक तिच्याकडे जाऊन आले. माझ्या फोनची काच तडकलीच होती, मीही घेतला.

दसऱ्याच्या सकाळी नाक्यावर गेले. रिक्षा धुऊनपुसून झेंडूत बुडालेली. पुढं पाटावर पाना, कोयता आणि दरवर्षी पूजेला असायचा तो त्यांचा जुना फोन. त्याच्या शेजारी एक कोराकरकरीत, मुलीच्या कंपनीचा.

"टार्गेटला एकच कमी पडत होता," काका कुंकवाचं बोट पुसत म्हणाले. "काल कायम झाली."

ती आपल्या कामावर निघाली होती. ओढणी घरीच राहिली होती, आणि त्यांनीही तिला हटकलं नाही.

पुढं कंपनीनं तिला पनवेलला पाठवलं. काकांच्या हँडलपाशी दोन फोन लटकू लागले. जुना दिवसभर कोकलायचा, नवा फक्त दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. तो वाजला की भर रस्त्यात रिक्षा बाजूला लागायची. उशीर झाला म्हणून आत बसलेलं कुणी कुरकुरायचं नाही.

माझी रोह्याला बदली झाली. इथले रिक्षावाले भले आहेत, पण बसल्याबसल्या कुठं जायचं तेवढंच विचारतात. मी सांगते, आणि फोन हातातच धरून ठेवते.