आपा म्हणतील तसं

आपांसमोर कुणाची तक्रार करायची सोय नव्हती. तुम्ही तोंड उघडलंत की त्या मुकाट्याने पायात चपला सरकवायच्या आणि ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याच दारात तुम्हाला नेऊन उभं करायच्या. रिक्षात बसेपर्यंत कुठे चाललोय हेही सांगायच्या नाहीत.

मार्केट यार्डामागच्या गल्लीत त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. नवऱ्यामागे त्यांनी तो एकटीने चालवला. मी वाघोलीत कांदा निवडायची यंत्रं बनवतो. "यार्डातले आडते यंत्र नीट वापरत नाहीत आणि नावं आम्हाला ठेवतात," असं मी एकदा त्यांच्याकडे बोललो, आणि थोड्याच वेळात कांद्याचे आडते बाबूशेठ यांच्या गाळ्यावर चहा पीत बसलो. "हे यंत्रवाले. तुम्हाला नावं ठेवत होते. आता समोर बसून ठेवा," अशी आपांनी ओळख करून दिली. बाबूशेठ हसले. यंत्राची चाळणी नेमकी कुठे तुंबते, ते मला तिथे दिसलं. पुढच्या यंत्रात मी ती बदलली.

एका सरकारी बैठकीत एक साहेब 'क्लस्टर', 'क्लस्टर' असं बराच वेळ समजावत होते. आपांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेजारच ना? मग तसं म्हणा, आम्हालाही कळेल." साहेब घोटभर पाणी प्यायले.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. यार्डात उरलेला कांदा स्वस्तात बाहेर जातो आणि पूड होऊन महाग परत येतो, हे त्यांना सहन होत नसे. आडत्यांनी कांदा द्यायचा, आम्ही वाळवणीची यंत्रं बनवायची, खोकेवाल्यांनी माल बांधायचा. सगळ्यांच्या मालकीचा एक कारखाना इथेच उभा करायचा. "माझ्या डोळ्यांदेखत सुरू करा. नंतर माझा फोटो लावून केलात तर मला काय उपयोग?" त्या हे हसत म्हणायच्या, पण आजाराचं निदान तेव्हा झालेलं होतं. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

बैठका त्यांच्याच कारखान्यात व्हायच्या. काहीही विचारलं तरी आडते, यंत्रवाले, खोकेवाले, सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: "आपा म्हणतील तसं." आमची एकी किती पक्की आहे, याचा आम्हाला अभिमान होता.

जागा ठरवायची बैठक मात्र त्यांच्याविना झाली. त्या दवाखान्यात होत्या. आडत्यांना कारखाना यार्डाजवळ हवा होता, आम्हाला वाघोलीत. तासाभरात जुनी उणीदुणी निघाली. बाबूशेठ मला नको ते बोलले, मीही मागे राहिलो नाही. काही न ठरवता सगळे उठले.

संध्याकाळी मी आपांना भेटायला गेलो. त्या फार खंगल्या होत्या. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, ते जमलं नाही.

"भांडलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्यासमोर इतकी वर्षं कधी का नाही भांडलात?"

"आपा, तुमचा मान..."

"मान मला दिलात हो. एकमेकांना द्यायचा होता." त्यांनी डोळे मिटून घेतले. "माझ्यासमोर भांडला असतात, तर मिटवून तरी गेले असते."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. कबरस्तानात सगळे आले होते. आडते फाटकापाशी, आम्ही वाघोलीवाले भिंतीकडेला, खोकेवाले आपांच्या मुलाभोवती. माती देऊन झाल्यावर बाबूशेठ माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे सुजले होते. मला एकदम रडू आलं, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता बैठक कोण बोलावणार?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. 'मी बोलावतो' एवढंच म्हणायचं होतं. दोघांनाही ते म्हणता आलं नाही.

बैठक अजून झालेली नाही.