शिबिरातली खोली

लग्नानंतर पुण्याहून चेन्नईला आले आणि इथल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवू लागले. लिंगभाव-संवेदनशीलता हा माझा विषय. त्या वर्षी वर्गात एक तिरुनंगै होती. ट्रान्स स्त्रीला तमिळमध्ये आदरानं असं म्हणतात. साडी नेसून, केसांत गजरा माळून यायची. पहिल्याच आठवड्यात मुलींनी तिला आपल्या बाकावर बोलावलं. वाढदिवसाला केक आणला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "ह्या पोरी जग बदलतील बघ."

मग ग्रामीण शिबिर आलं. गुम्मिडिपूंडीच्या पलीकडचं गाव, शाळेत मुक्काम. मुलींना एक खोली, मुलांना एक. सामान उतरवताना वर्गातली सर्वांत हुशार मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅम, ती आमच्या खोलीत नको."

"का?"

"कॉलेजात ठीक आहे, मॅम. इथे कपडे बदलायचे, झोपायचं. अप्पांना कळलं तर माझं शिक्षण बंद करतील."

बाकीच्या खाली मान घालून उभ्या. मी समजावलं, चिडले, शेवटी ठणकावलं, "ती इथेच राहील." मुलींनी मुकाट्यानं आपल्या चटया एका भिंतीशी दाटीवाटीनं अंथरल्या. समोरची सगळी फरशी तिच्यासाठी मोकळी सोडली.

तिनं दारातून ते पाहिलं. बॅग खांद्यावरून उतरवलीच नाही.

"माझ्या खोलीत ये," मी म्हटलं.

"नको, मॅम. तिथे मी पाहुणी. मला ह्यांच्यात राहायचं होतं."

तिच्या परतीच्या बसची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला उभ्या राहिलो. मी तिला परोपरीनं विनवलं. ती रडली नाही. रडत मीच होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "त्यांना रागावू नका," ती म्हणाली. "केक त्यांनी मनापासून आणला होता."

ती कॉलेजात परत आली नाही. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात लागली. परीक्षेत त्या हुशार मुलीनं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांवर सुरेख उत्तर लिहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. मी मार्क दिले.

काही दिवसांनी मी श्रीपेरुंबुदूरला फोन केला, तेव्हा तिनंच विचारलं, "पेपर कसा होता, मॅम?"

"सोपा होता. तू असतीस तर..."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "कंपनीची बस आली, मॅम," ती म्हणाली. "ठेवते."